विचारा की ओ : घंटी वाजली, पण किल्ली कुणाकडं?

मागच्या अंकात मी सराफाच्या दुकानातल्या पॅनिक बटणाबद्दल लिहिलं होतं, आणि जाता जाता एक वाक्य टाकलं की दुकानाचं काय घेऊन बसलात, अलार्मची खरी परीक्षा जेलात असते, कारण तिथं आवाज ऐकून पळायची सोय नाही, दारं बाहेरनं बंद. बस, तेवढ्या एका वाक्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की ह्या वेळी इन्व्हर्टर आणि मोटरपंपवाल्यांना बाजूला ठेवलंय, त्यांनी राग धरू नये. आधीच सांगतो, मी जेल खात्यातला माणूस नाही. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात हेल्पर म्हणून लागलो, मिल बंद पडली, मग सायरन, फायर पॅनेल, बेल असलं बसवत फिरलो, त्यात काही सरकारी आवारांची कामं पण झाली. कुठल्या जेलात बटण कुठं आहे आणि वायर कुठनं गेलीय असं दोघांनी विचारलंय, ते छापणार नाही, परत विचारू नका.

प्रश्न : माझा मुलगा कच्चा कैदी म्हणून आत आहे, सहा महिने झाले. त्याला दमा आहे. रात्री त्रास झाला तर आतनं बेल दाबायची सोय असते का? कोण येतं? मला रात्र रात्र झोप नाही. (एक आई, अक्कलकोट रोड)

ताई, गोड बोलून काही उपयोग नाही म्हणून सरळ सांगतो. दवाखान्यात खाटेच्या डोक्याशी बेल असते तशी आपल्याकडच्या बराकीत सहसा नसते. इंग्लंडात कोठडीत बेलचं बटण असतं आणि ते दाबल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी दारावर आलं पाहिजे अशी तिथल्या तपासणीवाल्यांची अपेक्षा आहे, तिथंसुद्धा ती दर वेळी पाळली जाते असं नाही. आपल्याकडं बेलचं काम माणूस करतो. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे मोजून बराकीला कुलूप लागलं, की आतल्याच विश्वासू कैद्यांपैकी काही जण आळीपाळीनं जागे राहतात आणि बाहेरनं शिपायाची फेरी असते. कुणाला त्रास झाला की आतला जागा असलेला माणूस गजाशी येऊन हाक मारतो, शिपाई ऐकतो, तो वरच्याला कळवतो.

आता खरी गोष्ट पुढंच आहे. फेरी मारणाऱ्या त्या शिपायाच्या खिशात बराकीची किल्ली नसते. मुद्दामच नसते, कारण रात्री एकट्या माणसाला धरून किल्ली हिसकावली तर सगळंच संपलं. किल्ल्या पेटीत, पेटी अधिकाऱ्याच्या ताब्यात. म्हणजे तुमच्या मुलाला धाप लागली तर हाक, निरोप, अधिकारी, किल्ली, जादा माणसं, मग कुलूप, मग डॉक्टर असा तो प्रवास. भिंतीला दहा बटणं लावली तरी त्यातली पहिली पायरीच काय ती कमी होते, बाकीच्या तशाच राहतात. म्हणून तुम्ही रात्रीच्या बेलच्या मागं न लागता दिवसाच्या कागदाच्या मागं लागा असं माझं म्हणणं आहे.

आत घेताना प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते, त्या नोंदीत दमा लिहिलाय का ते वकिलांमार्फत बघून घ्या. लिहिला नसेल तर जुने केसपेपर, पंपाचं प्रिस्क्रिप्शन, एक्स-रे असेल तर तो, सगळ्याच्या झेरॉक्स लावून कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच म्हणजे शिक्का मारलेली प्रत, नुसतं ‘ठेवून घेतला’ चालत नाही. तारखेला कोर्टासमोर पण वकिलांना अर्ज करायला सांगा की पंप रात्री त्याच्याजवळ राहू द्यावा. पंप उशाशी असला की वरची अर्धी साखळी लागतच नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, 15100 हा त्यांचा नंबर आहे. मुलाखतीला जाणं जमत नसेल तर ऑनलाइन ई-मुलाखतीची नोंदणी करता येते, त्यात चेहरा दिसतो, धाप लागलीय का ते आईला कळतंच. आणि मुलाला सांगा, शेजारी झोपणाऱ्या दोघांना आजार सांगून ठेव, लाजू नको, रात्री हाक त्यांनीच मारायचीय.

प्रश्न : कारागृह शिपाई म्हणून माझी निवड झाली आहे. अलार्म झाला की नेमकं काय करायचं असतं? सिनेमात दाखवतात तसं असतं का? (एक वाचक, मोहोळ)

अभिनंदन! ट्रेनिंगला सगळं शिकवतीलच, मी बाहेरच्या माणसाला जेवढं ठाऊक तेवढं सांगतो. धोक्याची घंटा झाली की जेलात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आत जो जिथं आहे तिथल्या जवळच्या बराकीत किंवा कोठडीत जातो आणि कुलूप लागतं, आणि बाहेर क्वार्टरमध्ये जेवत असलेला, झोपलेला, पोराला शाळेत सोडायला निघालेला प्रत्येक जण मेन गेटकडं धावतो. जेलचे क्वार्टर भिंतीला लागून असतात ते उगीच नाही, सायरन त्यांच्यासाठीच असतो. मग टोटल. सगळ्या बराकींची मोजणी जुळेपर्यंत अलार्म संपला असं कुणी म्हणत नाही.

ही टोटल म्हणजे जेलातली सगळ्यात जुनी अलार्म सिस्टीम आहे आणि माझ्या मते आजपण सगळ्यात भरवशाची. 31 मार्च 2015 ला नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातनं पाच जण गज कापून पळाले, आठवत असेल. गजावर कानस फिरत असताना कुठलाही सायरन आपणहून वाजत नाही, कुणाला तरी आधी कळावं लागतं, नाहीतर मग मोजताना आकडा कमी येतो तेव्हा कळतं. तुम्हाला रोज मोजायचा कंटाळा येईल, दोन महिन्यांनी नक्की येईल, तेव्हा हे आठवा.

दुसरं, 1971 सालचं अमेरिकेतलं अ‍ॅटिका जेल. तिथं कैद्यांचा उठाव झाला, तो चार दिवस चालला आणि शेवटी 43 माणसं गेली. सुरुवातीला तो सगळा दंगा एका विंगपुरता अडला असता, कारण चारी विंगच्या रस्त्यांच्या मधोमध लोखंडी गेट होतं. ते गेट ढकलल्यावर उघडलं. का, तर त्याच्या दांड्याचं जुनं वेल्डिंगच खोटं निघालं. म्हणजे इतकी वर्षं ते गेट रोज बंद होत होतं, रोज सगळे त्याला बंद समजत होते, जोर लावून कुणी बघितलं नव्हतं.

मी पण असंच एक बघितलंय, जेलात नाही, एका दुसऱ्या सरकारी कार्यालयात, नाव घेत नाही. टेबलाच्या खाली पायाजवळ पॅनिक बटण होतं, आम्ही वार्षिक तपासणीला गेलो, साहेब म्हणाले आहे की चालू, लाइट दिसतोय पॅनेलवर हिरवा. मी खाली वाकून बघतो तर रंगवाल्यानं टेबलाबरोबर बटणालापण ऑइलपेंटचे दोन हात मारलेले, करडा रंग, वरनं इतका गुळगुळीत की बटणाची गोल फटसुद्धा बुजली होती. अंगठ्यानं दाबलं, हलेना. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या मुठीनं ठोकलं तेव्हा पापडासारखा रंग तडकला आणि बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही, सायरन वाजत राहिला आणि साहेब दोन्ही कानांवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. पॅनेलवरचा हिरवा लाइट खोटं बोलत नव्हता, वायर ठीक होती, सप्लाय ठीक होता. बटण दाबलं जातंय का हे तो लाइट सांगतच नाही, ते बोटानंच बघावं लागतं.

तेव्हा ड्युटीवर लागलात की तुमच्या पॉइंटवरचं बटण सरावाच्या दिवशी स्वतः दाबायला मागा. आणि कमरेला वायरलेसवाला छोटा अलार्म दिला, आजकाल बाहेरदेशी सर्रास असतात, माणूस आडवा पडला की आतला टिल्ट स्विच आपोआप सिग्नल देतो, तर तो बेल्टला सरळ लावा. खिशात आडवा टाकला की पहिल्या दिवशी चार वेळा खोटा अलार्म होतो, मग वैतागून कुणीतरी बॅटरी काढून ठेवतं. असं होतंच, मी दुकानातल्या वॉचमनचं बघितलंय.

प्रश्न : आयटीआय इलेक्ट्रिशियन, दुसरं वर्ष. पॅनिक बटणाच्या लाइनीत शेवटी रेझिस्टर का लावतात? नुसतं बटण आणि बेल का नाही? (होटगी रोड)

बेस्ट प्रश्न. घरच्या बेलची वायर उंदरानं कुरतडली तर काय होतं? काहीच होत नाही, तेच तर वाईट आहे. पाहुणा दाबून दाबून निघून जातो तेव्हा तुम्हाला कळतं. जेलात, बँकेत असलं चालत नाही, म्हणून लाइनीच्या अगदी शेवटच्या बटणाशी एक रेझिस्टर जोडतात, समजा 4.7 किलोओहमचा, आणि पॅनेल त्यातनं चोवीस तास थोडासा करंट सोडून बघत बसतं. 4.7 दिसतंय, म्हणजे सगळं ठीक. कुणी बटण दाबलं की लाइन शॉर्ट, पॅनेलला जवळपास शून्य दिसतं, अलार्म. कुणी वायर तोडली, उंदरानं खाल्ली, स्क्रू सैल झाला, तर लाइन ओपन, मग पॅनेल सायरन न वाजवता फॉल्टचा बजर देतं. रेझिस्टर शेवटालाच पाहिजे हं. काही जण आळस करून तो पॅनेलच्या डब्यातच जोडतात, मग बाहेरची अख्खी वायर चोरीला गेली तरी पॅनेल म्हणतं सगळं झकास. असं काम मी पकडलंय आणि ते करणारा माझाच जुना हेल्पर होता.

बॅटरीचा हिशोब पण शिकून घे, परीक्षेत नाही विचारत पण धंद्यात लागतो. पॅनेल नुसतं बसून 200 मिलिअँपिअर खात असेल तर 24 तासाला 4.8 अँपिअर-अवर झाले. वर सायरन अर्धा तास वाजायला 1 अँपिअरनं आणखी 0.5. बेरीज 5.3, त्यावर पाव हिस्सा जास्तीचा धरायचा, 6.6 च्या आसपास, म्हणून तिथं 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी दिसते. ती नवी असतानाचा हा हिशोब आहे. आपल्या सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको, पत्र्याखाली डबा असेल तर दुपारी हात लावता येत नाही, आणि असल्या बॅटरीचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. पुण्यात चार वर्षं चालणारी इथं पत्र्याखाली दोन वर्षांत फुगते. झाकण उघडलं की टर्मिनलला हिरवट पांढरी भुकटी दिसते, बाजू पोटुशी झालेल्या असतात. लाइट असेपर्यंत सगळं चालू दिसतं, आणि जेलात काय कुठं काय, गोंधळ बहुतेक वेळा लाइट गेल्यावरच होतो!

प्रश्न : मी महिला वसतिगृहासारख्या एका संस्थेत रात्रपाळीला असते. मुली पळून जाऊ नयेत म्हणून आमच्याकडे रात्री बाहेरून कुलूप असते. फायर अलार्म बसवला आहे. तो पुरेसा आहे का? (नाव नको)

नाही. बाई, हा प्रश्न वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

1930 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ओहायोच्या जेलाला आग लागली, 322 कैदी मेले. आग लागल्याचं कुणाला कळलं नाही असं नव्हतं, आतली माणसं ओरडत होती, कोठड्या उघडायला उशीर झाला. 2012 च्या फेब्रुवारीत होंडुरासमध्ये कोमायाग्वा जेल जळालं, साडेतीनशेच्या वर माणसं गेली, तिथंपण किल्ल्यांचाच घोळ, आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर गुन्हा शाबीतसुद्धा झालेला नव्हता. मधल्या ऐंशी वर्षांत अलार्म किती सुधारले बघा, आणि माणसं मेली ती त्याच कारणानं. लांब कशाला, आपल्याच देशात, तमिळनाडूतल्या एरवाडीत, 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे झोपडीवजा आश्रमाला आग लागली, मनोरुग्णांना साखळीनं बांधून ठेवलेलं होतं, 28 जण गेले. तिथं धोका कळायला कुठलं यंत्र नको होतं, डोळ्यांसमोर ज्वाळा होत्या. साखळी सोडायला कुणी नव्हतं.

तुमच्या अलार्मनं काय होईल, तर आत कोंडलेल्या मुलींना आपण जळतोय हे दोन मिनिटं आधी कळेल. एवढंच.

तेव्हा आज रात्री हे बघा. किल्ली कुणाजवळ असते, तो माणूस रात्री कुठं झोपतो, किल्ल्या एका जुडग्यात आहेत का आणि त्यातली दाराची किल्ली अंधारात हाताला ओळखू येते का. आमच्या मिलमध्ये फोरमननं मेन स्विचरूमच्या किल्लीला सुतळीच्या तीन गाठी मारून ठेवल्या होत्या, डोळे मिटून सापडायची. घड्याळ लावा आणि जिथं झोपता तिथनं उठून शेवटचं दार उघडेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा, लाइट घालवून मोजा. मला वाटतं एकदा मोजलंत की संस्थेच्या लोकांना पटवायला वेगळं बोलावं लागणार नाही, तो आकडा लिहून द्या. दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाजवळ पाहिजेच. आणि बाहेरनं कुलपाऐवजी दार उघडलं की बेल होईल असा साधा मॅग्नेटिक स्विच लावता येतो, मुलगी बाहेर पडली तर तुम्हाला कळतं आणि आग लागली तर सगळ्या बाहेर पडतात, खर्च फार नाही. अल्पवयीन मुली असतील तर बाहेरनं कुलूप लावून ठेवणं ह्यावर बाल कल्याण समितीकडं लेखी विचारणा करा, तोंडी नको. नाव छापलेलं नाही, काळजी नसावी.

प्रश्न : जेलच्या जवळच घर आहे. कधी कधी सायरन ऐकू येतो, पोरं घाबरतात. आम्ही काय करायचं? आणि वारा असला की ऐकूच येत नाही, असं कसं? (एक वाचक)

बहुतेक वेळा तो सराव असतो. सराव नसला तरी तुमचं काम एकच, घरात राहायचं, गच्चीवर जाऊन मोबाइलवर शूटिंग नको, आणि गाडी रस्त्यात लावलेली असेल तर काढायची, कारण त्याच रस्त्यानं पोलीस आणि अ‍ॅम्ब्युलन्स येणार. अंगणात कुणी अनोळखी दिसला तर त्याच्याशी बोलत बसू नका, दार लावून 112 फिरवा.

वाऱ्याचं म्हणाल तर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो, एक मीटरवर 120 असलेला सायरन शंभर मीटरवर 80 होतो, आणि वारा उलटा असला की त्याहून कमी. जुन्या सोलापूरकरांना आठवत असेल, मिलचा भोंगा कुठल्या दिवशी किती स्पष्ट येतो त्यावरनं आमची आजी वारं सांगायची. पाच वाजताचा भोंगा ऐकून भाकरीला पीठ मळायला घेणारी घरं होती. आणि तोच भोंगा अवेळी वाजला की अख्ख्या पेठेतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, काय झालं, कुणाचं झालं. आवाज तोच, वेळ चुकली की अर्थ बदलला.

प्रश्न : ‘पगली घंटी’ म्हणजे काय? बातम्यांत वाचलं. (बाळे)

हिंदी पट्ट्यातला शब्द आहे. जेलच्या गेटवर तासाला टोल देतात, तीन वाजले की तीन, चार वाजले की चार, ऐकणारा मोजतो. धोका झाला की तीच घंटा न थांबता, न मोजता बडवत सुटतात, ताल नाही की आकडा नाही, म्हणून पगली. लाइट लागत नाही, बॅटरी लागत नाही, रेझिस्टर लागत नाही, मी बसवलेलं कुठलंही पॅनेल बंद पडलं तरी ती वाजते, माझ्या धंद्याला हे सांगणं परवडत नाही पण आहे खरं.

प्रश्न : पोलीस स्टेशनच्या कोठडीत पण अलार्म असतो का? (विजापूर रोड)

बटण वगैरे सहसा नाही, समोर पहाऱ्याला माणूस असतो. पण कॅमेरा पाहिजे. सुप्रीम कोर्टानं 2 डिसेंबर 2020 ला परमवीर सिंग सैनी केसमध्ये सांगितलंय की प्रत्येक पोलीस स्टेशनात, कोठडीसकट, आवाजासह आणि रात्रीचं दिसणारे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं. घरच्या कुणाला आत घेतलं आणि काही वावगं झालंय असं वाटलं तर रेकॉर्डिंग जपून ठेवा असा अर्ज लगेच द्या, सहा महिन्यांनी देऊन मग हार्ड डिस्क खराब झाली होती हे उत्तर ऐकायला लागतं. कोठडीला पण लाइट जाते, तेव्हा अर्जात इन्व्हर्टरचं पण विचारा, कॅमेरा त्यावर आहे का नाही.

इन्व्हर्टरवाल्यांनो, तुमचं पुढच्या अंकात नक्की.